चढ लागला की पाय ओले

गाडीत पाणी येतंय असं कुणी सांगितलं की पावडरबाई आधी चिडायची आणि मग गाडी बघायची. "किती दिवसांपासून येतंय?" असं ती विचारायची, आणि गिऱ्हाईक "झाले असतील तीन-चार महिने," म्हणालं की संपलंच.

"तीन-चार महिने! घराचं छत गळलं असतं तर त्याखाली तीन-चार महिने अंथरूण घातलं असतंत का? गाडीला बोलता येत नाही म्हणून वाट्टेल ते कराल?"

गिऱ्हाईक मान खाली घालायचं. जी जुनी होती ती हसायची, कारण इतकं बोलून झाल्यावर बाई गुडघ्यांवर बसते आणि गळती सापडल्याशिवाय उठत नाही, हे त्यांना माहीत होतं.

पावडरबाई हे नाव ऐकून नवा माणूस नटूनथटून बसलेल्या कुणा बाईला शोधत यायचा. समोर यायची ती मळक्या निळ्या डगल्यातली, चौपन्न वर्षांची, केसांना रबर बांधलेली एक आडव्या अंगाची बाई, कोपरापर्यंत पांढरी झालेली. पाण्याची वाट शोधायला ती साधी अंगाला लावायची पावडर वापरायची. गाडीच्या आतल्या पत्र्यावर पावडर भुरभुरायची आणि बाहेरून पाणी सोडायचं. थेंब ज्या वाटेनं उतरतो तिथे रेघ उमटते. महागडी यंत्रं असलेली माणसं जे शोधू शकायची नाहीत ते तिला लहान बाळाच्या पावडरीच्या डब्यानं सापडायचं.

मूळची ती सीटा शिवणारी. बापाची सीटकव्हरांची शेड होती. तिथे ती मशीन चालवायला शिकली आणि तिचा धाकटा भाऊ काचा बसवायला. बाप गेल्यावर शेड तिच्याकडे राहिली आणि भावानं दोन रस्ते पलीकडे काचांचं चकचकीत दुकान काढलं. गळतीच्या नादी ती लागली तीही रागापायीच. तिनं जीव ओतून शिवलेल्या सीटांना आठ महिन्यांत बुरशी यायची आणि लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, "कापड हलकं वापरलंत." तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कापड हलकं नव्हतं, गाडी खालून ओली होती. मेकॅनिककडे पाठवलं तर तो बाहेरून सिलिकॉन फासायचा आणि हात झटकायचा. शेवटी एक दिवस तिनं स्वतःच एका टॅक्सीचा तळ उचकटला. पाणी मागच्या सीटखाली साचलं होतं आणि येत होतं पुढच्या दाराच्या आतल्या फाटक्या प्लॅस्टिकमधून. पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतं, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर सिलिकॉन हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय राहिली नाही.

एके दिवशी एक माणूस आला, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात एक पातळ फाइल. दारातच उभा राहिला.

"गाडी कुठाय?" तिनं मशीनवरून मान न उचलता विचारलं.

"गाडी नाही ताई. गाडी त्यांच्याकडे आहे. मला काढलं."

तिनं पाय थांबवला.

तो एका रुग्णालयाच्या व्हॅनचा ड्रायव्हर होता, अकरा वर्षं. किडनीच्या रुग्णांना डायलिसिससाठी घरून आणायचं आणि परत नेऊन सोडायचं, हे त्याचं काम. गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई व्हॅनमधून उतरायला उठली, ओल्या तळावर तिचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. ड्रायव्हर गाडी आतून पाइप लावून धुतो, त्याच्या निष्काळजीपणामुळे तळ ओला राहिला, असं ठरलं. दुपारपर्यंत त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

"आणि तुम्ही धूत होतात?"

"बाहेरून, ताई. रोज. आतून फक्त फडकं. पाणी आपोआप यायचं. मी चार वेळा तक्रारवहीत लिहिलं."

त्यानं फाइल उघडली. वहीच्या पानांचे फोटो होते. चार तारखा, चार वेळा त्याच्या हस्ताक्षरात 'गाडीत पाणी येते, तपासावी', आणि चारही वेळा खाली लाल पेननं एकच शेरा: 'चालकास समज दिली.'

पावडरबाईनं चारही पानं वाचली. मग तिचा आवाज चढला, आणि चढला तो त्याच्यावरच.

"चार वेळा लिहिलंत आणि गप्प बसलात?"

"गप्प कुठं बसलो? लिहिलं ना."

"त्यांच्या वहीत लिहिणं म्हणजे गप्प बसणंच! टेबलावर चढून ओरडायला हवं होतं. ते पाणी बादलीत भरून साहेबाच्या टेबलावर ओतायला हवं होतं!"

माणसाचा चेहरा पडला. "ताई, मला दोन मुली आहेत. थोरलीचं लग्न ठरतंय. मुलाकडचे विचारतात, वडिलांना नोकरीवरून का काढलं. मी काय सांगू? म्हातारीला पाडलं म्हणून?"

तिनं डगला काढून खुंटीला अडकवला. "चला."

रुग्णालयाचा व्यवस्थापक तरुण होता, गोड बोलायचा, आणि त्याच्या टेबलावर एकही कागद नव्हता. टेबलावर कागद नसलेल्या माणसांचा तिला जुना राग.

"मॅडम, आमच्या वर्कशॉपनं गाडी तपासलीय. वरून पाणी मारून बघितलं. गळती नाही."

"किती वेळ मारलं?"

"दोन-चार मिनिटं असेल."

"दोन मिनिटांत तर चहासुद्धा उकळत नाही. आणि पाइप लावून आतून धुतात हे कुणी पाहिलं?"

"तसं आम्हाला संबंधितांकडून कळलंय."

"संबंधित म्हणजे कोण? त्याला काही नाव असेल ना?"

व्यवस्थापक हसला. "हा अंतर्गत विषय आहे मॅडम. शिवाय कुटुंबाची तक्रार आहे. कुटुंबाला ड्रायव्हरवर कारवाई हवी होती."

म्हणून ती कुटुंबाकडे गेली. ड्रायव्हर वॉर्डच्या दाराशीच थांबला. त्याला आत यायचं धाडस होईना. म्हातारी त्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर होती, एक पाय पट्ट्यांत, खिडकीजवळच्या खाटेवर. शेजारी तिची मुलगी बसली होती, शाळेत शिकवणारी, मांडीवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. पावडरबाईनं आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं आणि मुलगी ताडकन उठली.

"त्या माणसाची वकिली करायला आलात? आईची अवस्था दिसतेय ना? आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होती, तरी स्वतःच्या पायांनी चालत होती. ते चालणंही काढून घेतलं त्यानं!"

"त्यानं घेतलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रुग्णालयानं!"

"रुग्णालयाला कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत! आणि तुम्ही कोण विचारणार? सीटा शिवता ना तुम्ही?"

"सीटाच शिवते. म्हणून गाडीचा तळ कसा कुजतो ते मला कळतं, आणि तुमच्या साहेबांना कळत नाही!"

दोघींचा आवाज इतका चढला की नर्स दारात येऊन उभी राहिली. शब्दानं शब्द वाढत गेला असता, पण खाटेवरून बारीक आवाज आला.

"चढ लागला की व्हायचे."

दोघी थांबल्या.

"काय व्हायचे, आजी?" पावडरबाईनं विचारलं.

"पाय ओले. मी मधल्या सीटवर बसते. सपाट रस्त्यावर काही नाही. आमच्या वळणानंतर तो उड्डाणपुलाचा चढ लागतो ना, तिथे पुढून पाणी यायचं, चपलेखाली. मी पाय उचलून धरायची. त्या दिवशी विसरले."

पावडरबाई खाटेच्या कडेवर बसली. तीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकानं तिला इतकी नेमकी गोष्ट सांगितली नव्हती. आतून धुतल्याचं पाणी उघड्यावर असतं, फार तर तासाभरात वाळतं. चढावर मागे धावतं ते पाणी पुढे कुठेतरी, तळाच्या आवरणाखाली साचलेलं असतं. तिनं हे मुलीला समजावलं. हातातली वही तिरपी धरून दाखवलं. मुलीनं वहीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, तू हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?" आजी म्हणाली.

मुलगी तशीच खाली व्यवस्थापकाकडे गेली. तिथे ती काय बोलली ते पावडरबाईला पुढे कधी कळलं नाही. पण तक्रार तिची होती, आणि 'गाडी माझ्यासमोर उघडा, नाहीतर मी बाहेर तक्रार नेते,' असं ती म्हणाली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन शेडमध्ये उभी होती.

ड्रायव्हरनं दार उघडलं तसा वास आला. ओल्या गोणपाटाचा, कुबट. पावडरबाईनं मधली सीट सोडवली, कडेच्या पट्ट्या काढल्या आणि तळाचं रबरी आवरण पुढच्या बाजूनं उचललं. खाली बोटभर जाड फोम होता. तिनं त्याचा एक कोपरा मुठीत धरून पिळला. पाणी धारेनं पडलं. फोम बाहेर काढून दोघांनी पिळला तर अर्धी बादली भरली. त्याखालच्या पत्र्याला गंजाचे पापुद्रे सुटले होते.

"हा एका दिवसाचा गंज आहे?" ती ओरडली. समोर ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं. "वर्षभराचा आहे हा! वर्कशॉपवाल्यांनी आवरण उचलूनसुद्धा बघितलं नाही! वरून पाणी मारलं, सीटला हात लावला, कोरडी आहे म्हणाले आणि घरी गेले!"

मग ती शांतपणे कामाला लागली. चिडलेली असतानाही तिचे हात शांत असत. तिनं पाणी बोटावर घेऊन चोळलं. तेलकट नाही, गोडसर वास नाही, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याची नळी फुटलेली नाही. एसी तासभर चालू ठेवला. त्याचं पाणी गाडीखाली जमिनीवर नीट ठिबकत होतं. पुढच्या काचेखालच्या जाळीत पालापाचोळा नव्हता. दारांच्या आतलं प्लॅस्टिक धड होतं. मग तिनं आतल्या पत्र्यावर पावडर टाकली, ड्रायव्हरला टॉर्च देऊन आत झोपवलं आणि स्वतः पाइप घेऊन बाहेर उभी राहिली. खालून वर, एकेका जागी दहा-दहा मिनिटं.

"आलं का?"

"नाही ताई."

दाराच्या खालची कड. नाही. काचेची खालची कड. नाही. काचेच्या उजव्या बाजूनं वर. नाही. दुपार झाली. पाइप धरून तिचं मनगट आखडलं. डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर तिनं धार धरली. आठ मिनिटं झाली असतील.

"ताई! रेघ आली! काचेच्या बाजूच्या खांबाच्या आतून उतरतेय!"

तिनं पाइप टाकला आणि आत घुसली. पावडरीत एक बारीक करडी रेघ खांबाच्या कडेनं येऊन डॅशबोर्डच्या मागे, तिथून आवरणाखाली शिरत होती. तिनं खांबावरचं प्लॅस्टिक काढलं, छताचं कापड थोडं सोडवलं आणि छोटा आरसा आत घातला.

काच बसवताना पत्र्यावर काळ्या सीलंटची सलग वळी ओढतात. ती सुरू होते तिथेच येऊन मिटते, आणि मिटताना टोकावर टोक चढवावं लागतं. इथे टोकं नुसती शेजारी आणली होती. मध्ये काडीएवढी फट होती. खाली गंज खरवडला नव्हता, वरूनच वळी ओढलेली. आणि जिथे टोकं भेटायला हवी होती तिथे अंगठ्यानं दाबलं होतं. वाळलेल्या सीलंटमध्ये अंगठ्याचा खळगा स्पष्ट दिसत होता.

पावडरबाईनं आरसा आणखी जवळ नेला. हा खळगा तिच्या ओळखीचा होता. बाप या खळग्यावरून ओरडायचा. "अरे, अंगठा काय लावतोस, वीतभर पुढे ओढून घे!" असं तो शेकडो वेळा म्हणाला असेल, आणि भाऊ शेकडो वेळा हसून अंगठा लावायचा.

तरी तिनं काचेच्या कोपऱ्यातला छोटा स्टिकर बघून घेतला. दुकान त्याचंच.

"ताई, सापडलं ना?" ड्रायव्हर विचारत होता. त्याचे डोळे भरून आले होते. "सापडलं ना?"

"सापडलं," ती म्हणाली. "तुम्ही घरी जा. उद्या अकराला या. थोरलीलाही सांगा, घाबरू नको म्हणावं."

भावाच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी गारेगार खोली होती आणि काचेपलीकडे काम चालताना दिसे. ती ओल्या डगल्यानिशी सरळ आत गेली.

"रुग्णालयाच्या व्हॅनची काच तू बसवलीस?"

"हो, गेल्या वर्षी. का? ताई, आवाज खाली. बाहेर लोक बसलेत."

"बसू देत. गंज दिसला होता?"

भावानं दार लावून घेतलं. "दिसला. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस लागतील. ते म्हणाले, गाडी संध्याकाळी हवी. मग काय करणार? त्यांच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात."

"वळी का नाही मिटवलीस?"

"मिटवली होती."

"अंगठ्यानं."

भावानं टेबलावरचं फडकं उचललं.

"गाडी नंतर परत आली होती तुझ्याकडे?"

"एकदा."

"मग?"

"बाहेरून सिलिकॉन मारलं."

घरातल्या माणसाच्या तोंडून तिनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला. "आणि त्यांना काय सांगितलंस? पाणी कशाचं म्हणून?"

भाऊ हातातलं फडकं घडी करू लागला. "त्यांनी विचारलं, आता गळेल का. मी म्हटलं, नाही. तरी पाणी दिसलं तर? तर म्हटलं, ड्रायव्हर रोज पाइप लावून धुतो, त्याचं असेल. असेल म्हटलं ताई! आहे नाही म्हटलं!"

म्हणजे तो 'संबंधित' हा होता. वर्षभर ज्याच्या डोक्यावर खापर फुटत होतं त्याच्यासाठी ते खापर इथे, या थंड खोलीत, चहा पीत तयार झालं होतं.

"तुझ्या त्या 'असेल'नं एका माणसाची अकरा वर्षं गेली," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता आणि भावाला त्याचीच भीती वाटली. "एका म्हातारीचं हाड मोडलं. तुला कळलं होतं ना, ती पडली म्हणून?"

"कळलं होतं."

"आणि तू काय केलंस?"

"काय करायला हवं होतं? जाऊन सांगायचं, माझी चूक? सगळं काम जाईल. ताई, तू लहानपणी माझ्यासाठी बाबांशी किती वेळा खोटं बोलायचीस. काच मी फोडायचो आणि तू सांगायचीस, मांजरानं पाडली."

"तेव्हा मांजराला कुणी कामावरून काढत नव्हतं!"

बाहेरच्या खोलीतली माणसं काचेतून बघू लागली. भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "नीट बसवून देतो. गुपचूप. ड्रायव्हरला मी माझ्याकडे ठेवतो, हवं तर. तू फक्त कागदावर माझं नाव लिहू नकोस."

"उद्या अकरा वाजता गाडी रुग्णालयाच्या आवारात नेतेय. तू स्वतः ये आणि स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर मी सांगेन."

"तू नाही सांगणार," भाऊ म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्यामुळे ती आणखी पेटली.

घरी नवऱ्यानं स्वयंपाक करून ठेवला होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याच्याकडे होतं. बायको कुठल्या मनःस्थितीत आहे हे त्याला ती चपला कशा काढते यावरून कळायचं. त्या संध्याकाळी एक चपल दाराशी आणि दुसरी पार पलंगाखाली गेली. त्यानं मुकाट्यानं ताट वाढलं. तिनं सगळं सांगितलं, अर्धं जेवत, अर्धं ओरडत.

"मी सांगू का नको?" तिनं शेवटी विचारलं.

"तू सांगणार आहेस. मला विचारतेस ते भांडायला कुणीतरी हवं म्हणून."

"मग भांडा ना!"

"कुणाच्या बाजूनं भांडू? तुझ्या भावाची बाजू घेऊ तर मला ती पटत नाही. तुझी घेऊ तर तुला भांडण मिळणार नाही."

तिनं ताट सरकवलं. "त्याला मी कडेवर घेऊन शेडमध्ये आणायची," ती म्हणाली. "आईला वेळ नसायचा. आता मलाच त्याचं नाव घ्यायला लावतोय, मूर्ख. हे त्यानं माझ्यावर आणलं, याचाच राग येतोय जास्त." मग ती उठली आणि कोऱ्या कागदावर लिहायला बसली. सात ओळी झाल्या. भावाचं नाव तिनं पाचव्या ओळीत लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आवारात व्यवस्थापक, वर्कशॉपचा माणूस, शिक्षिका मुलगी आणि ड्रायव्हर होते. भाऊ नव्हता. पावडरबाईनं सव्वाअकरापर्यंत फाटकाकडे बघितलं. मग ती वळली.

"साहेब, आत बसा. पुढे, डावीकडे."

"मी? त्याची गरज नाही. तुमचा रिपोर्ट द्या, आम्ही—"

"बसा म्हटलं ना!"

मुलगी म्हणाली, "बसा." व्यवस्थापक बसला, इस्त्रीच्या फिकट पॅंटमध्ये. पावडरबाईनं खांबाजवळ पावडर टाकली, आवरण परत जागेवर अंथरलं, आणि वर्कशॉपच्या माणसाच्या हातात पाइप दिला. "त्या कोपऱ्यावर धरा. मी सांगेपर्यंत हलवायचा नाही."

पाच मिनिटं काही झालं नाही. व्यवस्थापकानं घड्याळ पाहिलं. मग खांबाच्या कडेला रेघ उमटली, तिच्यामागून थेंब आला, आणि थोड्या वेळानं तो एकदम पाय वर घेऊन म्हणाला, "अरे!"

"काय झालं?" पावडरबाईनं विचारलं.

"ओलं झालं."

"काय ओलं झालं? मोठ्यानं सांगा."

"पाय."

"आता तुम्हाला समज द्यायची का? लाल पेननं?"

ड्रायव्हर जमिनीकडे बघत उभा होता. पावडरबाईनं कागद काढला आणि वाचला. पाचव्या ओळीपाशीही ती थांबली नाही. वाचून झाल्यावर तिनं सांगितलं, "हा माझा सख्खा भाऊ आहे. तुमचा 'संबंधित' तोच."

व्यवस्थापकाला सुटकेचा रस्ता दिसला. "म्हणजे चूक काचवाल्याची! आम्ही त्याचं काम लगेच बंद करतो. प्रश्न मिटला."

मग मात्र ती फुटली.

"मिटला? तुमचा मिटला! चार वेळा या माणसानं लिहिलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? गंज आहे, दोन दिवस लागतील, असं काचवाला सांगत होता, तेव्हा गाडी संध्याकाळीच हवी म्हणून कोण बसलं होतं? माझ्या भावाचं नाव मी लिहिलंय, कारण ते लिहायलाच हवं होतं. तुमचं नाव कोण लिहिणार? आधी याच्यावर ढकललंत, आता त्याच्यावर ढकलता, आणि तुम्ही दोन्ही वेळा कोरडेच!"

"मॅडम, आवाज—"

"माझा आवाज असाच आहे!"

शिक्षिका मुलगी पुढे झाली. तिनं व्यवस्थापकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ड्रायव्हरसमोर उभी राहून म्हणाली, "मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं. न बघता लिहिलं. मी ते मागे घेते." आणि तिला रडू आलं. रडू आल्याचा तिला राग आला, आणि ती तरातरा जिन्याकडे निघून गेली.

ड्रायव्हरला चार दिवसांनी परत बोलावलं. त्यानं एकच अट घातली. पुन्हा नेमणुकीचं पत्र नको, ते चार शेरे खोडा आणि खाली सही करा. व्यवस्थापक म्हणाला, तशी पद्धत नाही. ड्रायव्हर त्याच्या रिकाम्या टेबलासमोर उभा राहिला, बसला नाही, बोलला नाही. दुपारी सव्वादोनला चारही शेऱ्यांवर आडव्या रेघा पडल्या, सहीसकट. तो सरळ पावडरबाईच्या शेडमध्ये आला आणि मोबाइलवरचे फोटो दाखवले. तिनं ते मोठे करून एकेक बघितले आणि म्हणाली, "आता कसं!"

रुग्णालयानं भावाचं काम बंद केलं. पण व्हॅन आवारातून पुन्हा तिच्या शेडमध्ये आली होती आणि काच निघाल्याशिवाय तळ लावायला ती तयार नव्हती. आवारातल्या तपासणीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. पेटी हातात. तिनं "ये" म्हटलं नाही. त्यानं काच कापून काढली. दोघांनी ती उतरवून भिंतीला टेकवली. त्यानं गंज पत्रा चकाकेपर्यंत घासला, गंजरोधक लावून ते वाळू दिलं, मग वळी ओढली. दिवसभरात त्यांच्यात "धर", "वर", "थांब" एवढेच शब्द झाले. वळी मिटायची वेळ आली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभी राहिली. त्यानं हात थांबवला नाही. पहिल्या टोकावरून वीतभर पुढे ओढून नेली.

पेटी भरताना तो म्हणाला, "त्या ड्रायव्हरचा पत्ता दे."

"कशाला?"

"जायला हवं."

तिनं पत्ता दिला. त्यानं तिथे काय म्हटलं ते तिनं विचारलं नाही. ड्रायव्हरकडूनच नंतर कळलं की त्यानं काचवाल्याला आत घेतलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि "बरं" एवढंच म्हणाला. माफ केलं का, असं तिनं विचारलं तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "अजून नाही, ताई. मुलीचं लग्न होऊ दे." लग्न पुढच्या महिन्यात झालं.

आजींचा पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. त्या आता वॉकर धरून चालतात, व्हॅनमध्ये चढायला दोन माणसं लागतात. पावडरबाई अधूनमधून डायलिसिसच्या दिवशी त्यांच्याजवळ जाऊन बसते. एकदा मुलीनं तिला विचारलं, "मी आता कुणावर चिडायचं? आधी निदान एक माणूस होता."

पावडरबाईनं विचार केला. "मी तर सगळ्यांवर चिडते," ती म्हणाली. "माझ्या भावावर, तुमच्या साहेबांवर, वर्कशॉपवर. सगळ्यांना थोडा थोडा वाटून देते. पण त्यानं कमी काही होत नाही."

"मग?"

"मग काही नाही. आजी, पाय वर घ्या, चपलेची पट्टी नीट करते."